काकांचं ज्ञानदान

"वहिनी, कढीपत्ता हवा होता ना? घ्या ही फांदी. आणि ऐकलंत का, कोपऱ्यावरच्या काकांकडे काय चाललंय ते?"

"का हो मावशी, पुन्हा सुनेशी वाजलं?"

"छे, मुलाशी! तो ह्युंदाईत नाही का? पुस्तकांवरून झालं. २०२३च्या डिसेंबरात ते मिचौंग वादळ आलं होतं बघा, त्यात नाशिकहून आणलेली खोकी भिजली. 'बटाट्याची चाळ' उघडायला जावं तर निम्मी चाळ समोरच्या पानाला चिकटलेली! मग कुणीतरी व्हॉट्सअ‍ॅपवर पीडीएफ धाडली. काका म्हणतात, एकदा पैसे मोजलेत, पुन्हा का मोजू?"

"आणि मुलगा?"

"म्हणतो, ही चोरीच. पु. ल. गेले २००० साली, लेखकामागे साठ वर्षं हक्क राहतात, २०६०पर्यंत थांबा!"

"तोवर काका थांबतायत! पण मी म्हणते, आपल्याच पुस्तकाचे आपण फोटो काढले तर? १९५७च्या कायद्यात स्वतःच्या वापरापुरती सवलत आहे की, कलम ५२."

"चिकटलेल्या पानांचे कसले फोटो काढता? दुसऱ्यानं काढलेले घेतले, एवढंच. तिथवर मी काकांच्याच बाजूची. पण त्यांनी ती पीडीएफ शाळासोबत्यांच्या ग्रुपवर टाकली. वर लिहिलं, 'ज्ञानदान'! दान करायचं तर आपल्या खिशातलं करावं ना?"

"दिल्लीच्या हायकोर्टानं २०१६ साली त्या रामेश्वरी झेरॉक्सवाल्याला सोडलं होतं पण."

"ते विद्यार्थ्यांच्या अभ्यासासाठी. हे सत्तरीचे सोबती कुठल्या परीक्षेला बसलेत? एवढीच हौस असेल तर 'श्यामची आई' वाटा म्हणावं. साने गुरुजी १९५०ला गेले, २०११पासून ती मोकळी आहे."

"मग?"

"ती नको. ती म्हणे सगळ्यांनी वाचलीय!"

"खरं सांगू? इथे श्रीपेरुंबुदूरला मराठी पुस्तक शोधायचं कुठे? गावाहून येणाऱ्याच्या बॅगेत लोणच्याच्या बरणीशेजारी जागा मिळाली तर मिळाली."

"म्हणून तर काकूंनी गुपचूप पुण्याहून नवी प्रत मागवली. कालच आली. भांडण मिटलं."

"आणि ती पीडीएफ? पुसली?"

"कुठली! पुस्तक कपाटात, काका मोबाइलवर. अक्षर मोठं करता येतं म्हणे!"