घराण्यात वेड नाही ना?

बाटली गेली.

भाचीचा फोन आला तेव्हा तिच्या आवाजावरून मला वाटलं, माणूसच गेलं. सवयीनं विचारलं, "वय काय होतं?" ती म्हणाली, "मामा, वय नाही, माप. पाचशे मिलिलिटर." एका विमानतळावरच्या मालगोदामात कागदांची वाट बघत बाटली नऊ दिवस पडून होती. परदेशातून निघाली तेव्हा तिच्या भोवती कोरडा बर्फ रचलेला होता. हा बर्फ वितळत नाही, सरळ हवेत विरतो. शाळेत 'संप्लवन' म्हणून घोकलं होतं, ते हेच. पाचव्या दिवशी खोक्यात बाटली होती, बर्फाची पावती होती, बर्फ नव्हता. गोदामात फ्रीजर होता, पण तो चालू करण्याचा अधिकार कुणाकडे, हे ठरायचं होतं.

भाची पुण्यातल्या एका प्रयोगशाळेत पीएच.डी. करते. कर्करोगाच्या पेशी वाढवायच्या आणि त्यांच्यावर औषधं टाकून बघायची, हा तिचा दिवसभराचा उद्योग. तिची आजी पाहुण्यांना सांगते, "आमची नात कॅन्सर वाढवते," आणि पाहुणे घाईघाईनं चहा संपवतात. या पेशींना खायला लागतं. नुसती साखर-मिठं चालत नाहीत, त्यांना वाढीचा खुराक हवा असतो, आणि 1950च्या दशकापासून जगभर जो खुराक चालत आला आहे तो न जन्मलेल्या वासराच्या रक्तातून काढलेल्या सीरमचा. गाभण गाय कत्तलखान्यात आली की गर्भातल्या वासराचं रक्त घेतात, गोठवतात, सीरम वेगळं करून गाळतात आणि बाटलीत भरतात. लॅबमधली मुलं त्याला नुसतं 'एफबीएस' म्हणतात, कारण पूर्ण नाव घेतलं तर डबा खाली उतरत नाही. आपल्या राज्यात 2015 पासून गाईबरोबर बैलालाही कायद्याचं अभय आहे. बाटलीतली गाय परदेशी असते. म्हणजे पुण्य इकडे, पाप तिकडे आणि मध्ये सीमाशुल्क.

ही बाटली देशात आणायची तर केंद्राच्या पशुसंवर्धन खात्याचा परवाना लागतो. त्याला सॅनिटरी इम्पोर्ट परमिट म्हणतात, आणि तो माल निघण्याआधी हातात असावा लागतो. परवान्याची रीत मी भाचीकडून समजून घेतली तेव्हा मला फार घरगुती वाटली. आपल्याकडे स्थळ बघतात तशीच. गाय कुठली? ऑस्ट्रेलिया-न्यूझीलंडकडची असेल तर घराणं उत्तम, आणि मानपान त्याच हिशेबानं. देशात लाळ-खुरकूत आहे का? बुळकांडी होती का? आणि मग तो प्रश्न, जो आपल्या आत्या-मावश्या पिढ्यान्‌पिढ्या आवाज खाली आणून विचारत आल्या आहेत: घराण्यात वेड नाही ना? ब्रिटनमधल्या गाई 1980च्या दशकात वेड्या होऊ लागल्या, आणि 1996 मध्ये तिथल्या सरकारला कबूल करावं लागलं की हे वेड माणसांपर्यंत पोचलेलं दिसतं. तेव्हापासून कुठल्याही गाईच्या बाबतीत हा प्रश्न सुटत नाही. उत्तर गाय देत नाही. तिच्या देशाचा सरकारी पशुवैद्य सही-शिक्क्यानिशी देतो.

भाचीच्या बाटलीचं हे सगळं जुळलं होतं. अडलं शेवटच्या टेबलावर. परवान्यावर 'फीटल बोव्हाइन', म्हणजे गर्भातल्या वासराचं, असं होतं, आरोग्याच्या दाखल्यावर नुसतं 'बोव्हाइन'.

"मॅडम, हा दाखला आईचा झाला," टेबलावरचे साहेब म्हणाले. "वासराचा कुठाय?"

"सर, वासरू जन्मलंच नाही."

"म्हणजे जन्माचा दाखला नाही?"

"नाही."

"मृत्यूचा?"

"तोही नाही."

"आणि तब्येतीचा आईच्या नावानं. आता तुम्हीच सांगा, मी काय लिहू?"

साहेब वाईट नव्हते, हे भाचीही सांगते. त्यांनी तिला बसायला खुर्ची दिली, स्वतःच्या मुलीच्या बारावीच्या मार्कांवर सल्ला घेतला आणि फाईल वरच्या साहेबांकडे पाठवली. वरचे साहेब दौऱ्यावर होते. क्लिअरिंग एजंट रोज फोन करून डेमरेजचा आकडा सांगायचा, जसा सावकाराचा माणूस व्याज सांगून जातो.

साहेबांची अडचण मला खोटी वाटत नाही. सीमाशुल्काचं दरपत्रक उघडून बघा. पहिलं प्रकरण जिवंत प्राण्यांचं. पाचवं प्रकरण 'इतरत्र कुठे न बसणाऱ्या प्राणिजन्य पदार्थां'चं. त्यात डुकराचे राठ केस आहेत, हाडं आहेत, हस्तिदंत आहे, पोवळं आहे आणि सगळ्यांच्या आधी, अगदी पहिल्या ओळीत, माणसाचे केस आहेत. तिसावं प्रकरण औषधांचं, तिथे रक्त आणि सीरम. एकच गाय पहिल्या प्रकरणात पायांनी येते, दुसऱ्यात मांस म्हणून, चौथ्यात दूध म्हणून, पाचव्यात हाडं होऊन आणि तिसाव्यात बाटलीतून. चौऱ्याऐंशी लक्ष योनींची कल्पना ज्यांना सुचली त्यांनी नंतर कुठे नोकरी धरली असावी, याचा अंदाज येतो.

मूळ कायदा आहे 1898चा. पशुधन आयात अधिनियम. त्यातलं पशुधन म्हणजे घोडे, गाई-बैल, उंट, मेंढ्या. आणि रोग म्हणजे गोचीड, काळपुळी, खरूज वगैरे मंडळी. बोटीतून उतरलेल्या घोड्याच्या कानामागे गोचीड आहे का, हे बघण्यासाठी केलेला कायदा. 2001 मध्ये आयातीवरची संख्येची बंधनं उठली, आणि आता बाहेरून काहीही येईल या धास्तीनं त्याच वर्षी या म्हाताऱ्या कायद्याला एक ठिगळ जोडलं: पशुधन 'आणि पशुधनजन्य पदार्थ'. मांस, अंडी, दूध, रेत, भ्रूण, पाळीव कुत्र्यामांजरांचं खाणं आणि सरकार वेळोवेळी ठरवील ते. या 'ते'मध्ये भाचीची बाटली बसते. संशोधनासाठी आणलेलं अर्धा लिटर सीरम आणि फौजेसाठी आणलेला घोडा, दोघांचे वडील एकच.

गंमत अशी की हा कायदा झाला तेव्हा प्राणिजन्य पदार्थांवरचं मोठं संशोधन आपल्या मुंबईतच चाललं होतं. 1896च्या ऑक्टोबरात जंतुशास्त्रज्ञ हाफकिन प्लेगवर लस शोधायला आले. ग्रँट मेडिकल कॉलेजात त्यांना एक खोली आणि एक व्हरांडा मिळाला. मदतीला एक कारकून आणि तीन शिपाई. प्लेगचे जंतू वाढवायला रस्सा लागतो. गोमांसाचा केला तर लस कोण टोचून घेणार, म्हणून त्यांनी बकऱ्याच्या मटणाचा केला, आणि जंतूंना वरून लोंबकळत वाढता यावं म्हणून रश्श्यावर तूप सोडलं. बकरा आणि तूप, दोन्ही बाजारात मिळणारं. 10 जानेवारी 1897 ला हाफकिननी ती लस आधी स्वतःला टोचून घेतली. तीन महिने जेमतेम. भाचीच्या परवान्याच्या अर्जात एक त्रुटी निघून ती दूर होईपर्यंत एवढाच काळ गेला होता. शिपाईही तिला तीनपेक्षा जास्त भेटले.

आता कुणी म्हणेल, मग काय, दारं सताड उघडी टाकायची? मुळीच नाही. मी शेतकऱ्याच्या घरातला आहे. लाळ-खुरकूत झालेला बैल मी बघितला आहे. 2001 मध्ये ब्रिटनमध्ये हा रोग पसरला तेव्हा साठ लाखांवर जनावरं मारावी लागली, आणि संशय होता तो डुकरांना घातलेल्या खरकट्यातल्या चोरट्या परदेशी मांसावर. आणखी सहा वर्षांनी, 2007 मध्ये, ब्रिटनमध्येच पिरब्राइट इथे हाच विषाणू पुन्हा बाहेर पडला. या वेळी तो निघाला खुद्द संशोधनाच्या आवारातून, गळक्या सांडपाण्याच्या नळांतून असावा असा निष्कर्ष निघाला. प्रयोगशाळा म्हणजे देवघर नव्हे. सीरमच्या बाटल्यांत गाईंच्या अतिसाराचा विषाणू लपून येतो, हे पेशी वाढवणाऱ्या प्रत्येकाला ठाऊक आहे. म्हणून तर चांगलं सीरम गॅमा किरणांखालून काढून विकतात. भीती खरी आहे. फक्त तिला घराचा पत्ता चुकीचा दिलेला आहे. बाटली किरणांखालून गेली का, तपासणी कुठल्या पद्धतीनं झाली, शिल्लक राहिलेलं कुठे जाळणार, हे विचारायला हवं; विचारतात वासराच्या जन्माचा दाखला. लम्पी 2019 मध्ये ओडिशात दिसला आणि 2022 मध्ये आपल्या गोठ्यागोठ्यात शिरला. माशा, डास, गोचीड यांच्या संगतीनं हा रोग हिंडतो. त्यानं कुठल्या टेबलावर अर्ज केल्याची नोंद नाही.

हाफकिनच्याच आयुष्यातली पुढची गोष्ट या टेबलांवर फ्रेम करून लावावी अशी आहे. 1902च्या ऑक्टोबरात पंजाबातल्या मुलकोवाल गावी एका दिवशी 107 जणांना पाच बाटल्यांतून त्यांची लस टोचली. त्यातल्या एका बाटलीतून टोचलेले 19 जण धनुर्वातानं गेले. बाटलीचा नंबर होता 53-एन. चौकशी लागली ती मुंबईतल्या प्रयोगशाळेच्या मागे: कार्बोलिक ॲसिड घातलं की नाही, पद्धत का बदलली, कुणाच्या परवानगीनं बदलली. हाफकिनची जागा गेली, नाव गेलं. ते निर्दोष आहेत हे सरकारला मान्य व्हायला 1907 उजाडलं. घडलं होतं एवढंच की गावात बाटली उघडताना मदतनिसाच्या हातून चिमटा जमिनीवर पडला आणि तो धड निर्जंतुक न करता वापरला गेला. एवढी वर्षं सगळे बाटलीचं कूळ तपासत होते, आणि चिमट्याला कुणी काही विचारत नव्हतं.

आमच्या गोदामातला चिमटा म्हणजे तो बंद फ्रीजर.

परवान्याव्यतिरिक्त हमीपत्रं असतात, ती वेगळी. मी हे कुणाला विकणार नाही, खाणार नाही, जनावराला पाजणार नाही, अशा अर्थाचं स्टँपपेपरवर लिहून द्यायचं. भाचीनं ते वाचताना विचारलं, "मामा, खाणार नाही असं लिहून घ्यायची वेळ यांच्यावर कुणी आणली असेल?" याचं उत्तर माझ्याकडे नाही, पण हमीपत्रावर श्रद्धा किती हे मला माहीत आहे. 2024च्या जुलैतल्या अर्थसंकल्पात प्रयोगशाळेतल्या रसायनांवरचं सीमाशुल्क 10 टक्क्यांवरून एकदम 150 टक्क्यांवर गेलं. शास्त्रज्ञांनी ओरड केली, आणि काही दिवसांतच स्वतःच्या वापरासाठी आणणाऱ्यांना ते पुन्हा 10 टक्के झालं. कशाच्या बळावर? वापर स्वतःसाठीच, या लेखी ग्वाहीवर. म्हणजे दीडशे आणि दहा यांत अंतर एका कागदाचं. असा भाव सोन्याच्या कागदालाही येत नाही.

तर बाटली गेली. वरचे साहेब दौऱ्यावरून परतले, त्यांनी फाईल बघितली आणि दोन ओळींत निकाल दिला: गर्भातलं वासरू हे आईच्या दाखल्यात समाविष्ट समजण्यास हरकत नसावी. निकाल शहाणपणाचा होता. पण तोवर मुंबईच्या उकाड्यात बाटलीतलं सीरम गढूळ झालं होतं. सोडवून आणलेली बाटली भाचीनं टेबलावर ठेवून मला फोटो पाठवला. वर तीन शिक्के होते, तिन्ही सुबक.

तिकडे इनक्युबेटरमध्ये पेशी बसल्या होत्या. या पेशींना नियमित खुराक मिळाला की साधारण दिवसाला दुप्पट होतात. खुराक तोडला की नुसत्या बसून राहतात, उपोषणाला बसल्यासारख्या. लॅबमधली मुलं याला 'स्टार्व्ह करणं' म्हणतात आणि एरवी प्रयोगासाठी मुद्दाम करतात. या वेळी सरकारी खर्चानं झालं. भाचीनं शेजारच्या लॅबमधून पन्नास मिलिलिटर उसनं आणलं आहे, वाटीभर साखर आणावी तसं, आणि ते पंधरा दिवस पुरवायचं आहे.

दुसरी बाटली मागवली आहे. या खेपेला दाखल्यावर आई आणि वासरू दोघांचीही नावं घातली आहेत. मंगळवारी पहाटे विमान उतरतं. विमानतळाच्या आसपास कुणाच्या ओळखीनं कोरडा बर्फ मिळत असेल तर कळवा. दहा किलो पुरे. फ्रीजर चालू झाला तर बर्फ परत करू.