पिशवी कापडाची, एसी सोळावर

जून 2025 मध्ये केंद्रीय ऊर्जामंत्री मनोहरलाल खट्टर यांनी सांगितलं की, यापुढच्या एसींना 20 अंशांच्या खाली आणि 28 च्या वर जाता येणार नाही, असा नियम सरकार आणू पाहतंय. झालं! नोटाबंदीच्या रांगेत निमूट उभे राहिलेले, पेट्रोल शंभरीपार गेल्यावरही टाकी फुल करणारे लोक एकदम पेटून उठले. आमच्या बेडरूममध्ये किती गार असावं, हे ठरवणारी दिल्ली कोण? व्यक्तिस्वातंत्र्य म्हणून काही आहे की नाही? हा सवाल करणाऱ्या एका स्नेह्यांच्या बेडरूममध्ये डोकावण्याचा योग आला (दार उघडंच होतं, गैरसमज नको). एसी सोळावर. अंगावर सोलापुरी चादर. चादरीतून बाहेर आलेल्या हातात मोबाइल आणि मोबाइलवर हिमालयातल्या हिमनद्या वितळल्याचा व्हिडिओ, सोसायटीच्या ग्रुपवर ढकलण्याच्या बेतात.

एक अंश वर नेलं की साधारण सहा टक्के वीज वाचते, असं ऊर्जा कार्यक्षमता ब्युरो कधीचं सांगत आलंय. 2020 पासून स्टार रेटिंगवाले एसी कंपनीतूनच 24 वर लावून येतात. म्हणजे पर्यावरणासाठी काही करायचं तर काहीच करायचं नाही, एवढंच काम आहे. सोळापर्यंत जायला मात्र रिमोटचं बटण आठ वेळा दाबावं लागतं. तेवढे कष्ट आपण आनंदाने घेतो.

हे स्नेह्यांना सांगितलं. ते म्हणाले, "आधी अमेरिकेला सांगा."

हवामान बदलाच्या चर्चेत हे वाक्य पहिल्या पाच मिनिटांत आलं नाही, तर ती चर्चा हिशेबात धरत नाहीत. त्यानंतर मग रीतसर फेर धरला जातो. स्कूटरवाला एसयूव्हीवाल्याकडे बोट दाखवतो. एसयूव्हीवाला पंजाबातल्या पराळी जाळणाऱ्या शेतकऱ्याकडे. शाकाहारी माणूस मटणवाल्याकडे, मटणवाला दिवाळीतल्या फटाक्यांकडे, फटाकेवाला "आमचेच सण दिसतात का" म्हणत थर्टीफर्स्टकडे. विमानाने तीर्थयात्रा करून आलेले काका प्रदूषणाचा दोष थेट कलियुगाला देतात, म्हणजे कुणीच दुखावत नाही. पर्यावरण ही शेजाऱ्याने सोडायची गोष्ट आहे, यावर मात्र सर्वपक्षीय एकमत.

अमेरिकेचं म्हणणं खोटं नाही. तिथला माणूस वर्षाला 14 टनांच्या आसपास कार्बन डायऑक्साइड हवेत सोडतो, भारतातला साधारण दोन टन. पण या दोन टनांच्या सरासरीत गडचिरोलीच्या जंगलात मोहफुलं वेचणारी बाई आहे आणि तीन एसी, दोन गाड्या व वर्षाला एक युरोप टूर असलेले आमचे स्नेहीही आहेत. तिने जे जाळलंच नाही, त्याचं पुण्य सरासरीच्या वाटेने यांच्या खात्यात जमा होतं. ग्रीनपीसच्या भारतीय शाखेने 2007 मध्येच यावर अहवाल काढला होता, 'हायडिंग बिहाइंड द पूअर' नावाचा. गरिबांच्या आडोशाला कोण लपलंय, हे त्यात सरळच मांडलं होतं. आता आडोसा तोच आहे, लपणाऱ्यांचा फक्त चौरस फूट एरिया वाढलाय.

तर स्नेह्यांना मी असं काही बोललो की ते तत्काळ पिशवी काढतात. कापडी.

या पिशवीची कथा जरा सविस्तर सांगायला हवी. महाराष्ट्राने मार्च 2018 मध्ये प्लॅस्टिकबंदीची अधिसूचना काढली, पहिल्या गुन्ह्याला पाच हजारांचा दंड लावला आणि राज्यात कापडी पिशव्यांचं अमाप पीक आलं. सराफाची पिशवी, बँकेची पिशवी, मुंजीची पिशवी, बारशाची पिशवी. भावी नगरसेवकाचा हात जोडलेला फोटो असलेली पिशवी तर इतक्या घरांत आहे, की तेवढी मतं पडली असती तर गृहस्थ भावी राहिले नसते. प्रत्येक घरात दाराआडच्या खुंटीला एक पिशव्यांची पिशवी लटकते आणि तरीही मंडईत गेल्यावर आपल्या हातात काही नसतं.

त्याच 2018 साली डेन्मार्कच्या पर्यावरण खात्याने पिशव्यांचा हिशेब मांडला. नुसता हवामानावरचा परिणाम धरला, तर साधी सुती पिशवी 52 वेळा वापरल्यावर प्लॅस्टिकच्या पिशवीशी बरोबरी होते. पाणी, ओझोन वगैरे सगळे परिणाम धरले तर 7100 वेळा. आठवड्यातून एकदा मंडई धरली तर 136 वर्षं. म्हणजे मृत्युपत्रात पिशवीची सोय करायला हवी. ज्यांच्या घरी अशा तीस-चाळीस पिशव्या आहेत, त्यांनी मोक्षाचा नाद सोडून पुनर्जन्माचीच खटपट करावी.

लगेच प्लॅस्टिकवाल्यांनी टाळ्या पिटू नयेत. डेन्मार्कमध्ये पिशवी कचऱ्यात गेली की शिस्तीत भट्टीत जाते. आपल्याकडे ती नाल्यात जाते, मिठी नदीत जाते, गाईच्या पोटात जाते. 26 जुलै 2005 ला सांताक्रूझला 944 मिलिमीटर पाऊस पडला, तेव्हा पाणी अडवायला ज्या गोष्टी आडव्या आल्या, त्यात ही पिशवी होती. तेव्हा बंदी योग्यच. पण ती नाल्यासाठी आहे. हिमनदीचा आणि तिचा संबंध अगदी लांबचा, चुलत-चुलत. आपण मात्र खांद्याला कापडी पिशवी अडकवली की हवामान बदलाचा हप्ता भरल्याची पावती घेऊन मोकळे होतो.

परवाचंच दृश्य. भाजीवालीच्या पाटीसमोर एक मोठी गाडी येऊन थांबली. इंजिन चालू, कारण एसी चालू, कारण आत श्वान. साहेबांनी काच खाली करून कोथिंबिरीची जुडी मागितली. बाई पातळ पिशवी काढायला लागली, तशी साहेबांनी तिला तिथेच, भर रस्त्यात, समुद्री कासवांबद्दल ऐकवलं. मागे हॉर्न वाजत होते. कासवं संपेपर्यंत बाई शांतपणे उभी होती. मग जुडी त्यांच्या कापडी पिशवीत टाकत म्हणाली, "पिशवी आणली ते बरं केलं सायेब. गाडी जरा पुढं घ्या, धूर भाजीवर येतोय."

आता हे सगळं आपल्यासारख्या सामान्यांच्या माथी मारलं कुणी, तेही बघण्यासारखं आहे. प्रत्येकाने आपापला 'कार्बन फूटप्रिंट' मोजावा, ही कल्पना घरोघरी नेली बीपी या तेल कंपनीने. 2004 मध्ये त्यांनी वेबसाइटवर त्यासाठी गणकयंत्रच ठेवलं. तेल उपसणार ते, विकणार ते आणि रात्री झोपताना आकडेमोड करून हळहळायचं आपण! सरकारांनाही ही युक्ती आवडली. ऑक्टोबर 2022 मध्ये केवडियात 'मिशन लाइफ' सुरू झालं. त्यात नागरिकांनी करायच्या 75 गोष्टींची यादी आहे. लाल सिग्नलला इंजिन बंद करा, वगैरे. यादी चांगली आहे, कुणाला त्रास होईल असं त्यात फारसं काही नाही. कोळशाच्या खाणींना लाल सिग्नल लागत नाही, हा तपशील अलाहिदा.

याची उलटी बाजू तरुण मंडळींना पाठ झाली आहे. "सगळं कंपन्याच करतात, माझ्या एकट्याने काय होणार?" असं म्हणून चिरंजीव दहा मिनिटांत येणारं आइस्क्रीम मागवतात आणि दोनशे मीटरवरच्या जिमला बुलेटवरून जातात. बाप पिशवीच्या आड, लेक कंपनीच्या आड. घरात हवामानावर कडाक्याचे वाद होतात आणि त्या वादात दोघांपैकी कुणाचंही वीजबिल दहा रुपयांनी कमी होत नाही.

ती वीज येते कुठून, हा प्रश्न तर वादात घ्यायचाच नसतो. चंद्रपूरचं औष्णिक वीज केंद्र 2920 मेगावॉटचं आहे. कोळसा तिथे जळतो, राख तिथे पडते, उन्हाळ्यात पारा 45 च्या वर तिथे जातो. गारवा मात्र तारेतून बाहेर पडून पुण्या-मुंबईच्या बेडरूममध्ये चादर मागतो. चंद्रपूरकरांना सोलापुरी चादर लागत नाही. त्यांना 20 ते 28 चा नियम आला काय नि गेला काय, 28 अंश हे तिथे मे महिन्यातल्या पहाटेचं सुखस्वप्न आहे.

गेल्या रविवारी एका सोसायटीची वार्षिक सर्वसाधारण सभा होती. विषय क्रमांक चार, गच्चीवर सौर पॅनेल. केंद्राच्या सूर्यघर योजनेत सोसायट्यांना लिफ्ट, पंप, जिन्यातले दिवे यांसाठी किलोवॉटमागे 18 हजारांचं अनुदान आहे, हे सेक्रेटरींनी कागद दाखवून सांगितलं. विरोध कुणाचाच नव्हता. फक्त सर्वांत वरच्या मजल्यावरच्यांना गळतीची भीती होती. तळमजल्यावरच्यांचं म्हणणं, आम्ही लिफ्ट वापरत नाही, आमचा हिस्सा कमी करा. एका काकूंना कुरडया कुठे वाळवायच्या, हे लेखी हवं होतं. एका निवृत्त साहेबांनी तंत्रज्ञान अजून सुधारणार आहे, घाई नको, असा सल्ला दिला. तो त्यांनी गेल्या वर्षीही दिला होता. माझ्या स्नेह्यांनी उभं राहून जागतिक तापमानवाढीवर सात मिनिटं ओघवतं भाषण केलं आणि शेवटी अभ्यास समिती नेमण्याची सूचना मांडली. टाळ्यांच्या गजरात ती मान्य झाली.

विषय क्रमांक पाच होता, आवारातल्या झाडांभोवती उरलेली माती झाकून पेव्हर ब्लॉक बसवणे. तो दोन मिनिटांत एकमताने मंजूर झाला. चिखल होतो म्हणे.