उठायचं कोणी?

जनगणना रखडली, पण सुतारकाम वेळेत झालं. 2023 मध्ये संसदेची नवी इमारत उघडली तेव्हा लोकसभेचे निवडून आलेले सदस्य होते 543, राज्यघटनेतली कमाल मर्यादा 550 आणि सभागृहातली आसनं 888. घटनादुरुस्ती नाही, शिरगणती नाही, कोणत्या राज्याच्या वाट्याला किती याचा पत्ता नाही. खुर्च्या मात्र तयार. मुलगी बघण्याआधी पंगत मांडली म्हणायची.

लोकसंख्या वाढली, मग खासदार वाढायला नकोत का? जरूर वाढावेत. राज्यवार वाटप 1971 च्या जनगणनेवर गोठलेलं आहे आणि तेव्हा देश जेमतेम 55 कोटींचा होता. कुटुंबनियोजनाचा लाल त्रिकोण मनावर घेणाऱ्या राज्यांना शिक्षा नको, म्हणून 1976 मध्ये ते गोठवलं. आता लोकसंख्येप्रमाणे वाटलं तर केरळ-तमिळनाडूत पाळणा लांबवला हा गुन्हा ठरतो; न वाटलं तर राजस्थानातलं मत हलकं राहतं. दोन्ही तक्रारी खऱ्या. त्यावर काही शहाणे सुचवतात, सगळ्यांनाच दीडपट द्या! उत्तर प्रदेशच्या 80 च्या 120, केरळच्या 20 च्या 30. प्रमाण तेच, त्यामुळे राजस्थानचं रडगाणं जिथल्या तिथे. अंतर 60 वरून 90 वर, त्यामुळे केरळचं दीडपट. तरीही तोडगा लाडका, कारण त्यात एकाही बसलेल्याला उठावं लागत नाही.

खुर्च्यांचं खरं गणित इथेच आहे. महिलांना एक तृतीयांश जागा देणारी घटनादुरुस्तीही 2023 चीच, पण तिला अट घातली जनगणनेची आणि मतदारसंघ पुनर्रचनेची. 543 चा तिसरा हिस्सा 181. 2024 मध्ये निवडून आल्या 74 महिला. फरक भरायचा तर शंभरावर पुरुषांना उठवावं लागलं असतं. आता 888 घ्या. तिसरा हिस्सा 296, उरल्या 592. आरक्षण देऊनही आजच्या अख्ख्या लोकसभेपेक्षा 49 जागा जास्त! याला म्हणतात त्याग. कोणते मतदारसंघ राखीव हे पुनर्रचनेशिवाय ठरणार कसं, असा कायदेशीर सूर लागेल. गावात कसं ठरतं? 1993 पासून तिथे महिलांच्या जागा राखीव आहेत, आपल्याकडे सोडत निघते, आणि वर्षानुवर्षं मिरवलेला गडी मुकाट बायकोचा अर्ज भरायला जातो. त्याला कोणी म्हटलं नाही, थांबा, आधी ग्रामपंचायतीला मजला चढवू. नियम फक्त त्यालाच, कारण तो नियम करणाऱ्यांत नाही. राहिला मुद्दा खासदार मतदाराच्या जवळ येण्याचा. 1985 च्या पक्षांतरबंदीपासून व्हिप निघाला की त्याला मतदाराचं ऐकून मत देण्याची सोय उरलेली नाही. मग 543 ऐवजी 888 जणांनी एका इशाऱ्यावर बटण दाबलं तर लोकशाही रुंदावते ती भत्त्यांपुरती. म्हणून आधी आहे त्या 543 मधून 181 ची सोडत काढा, व्हिप फक्त सरकार तरण्या-पडण्याच्या मतदानापुरता ठेवा. त्यानंतर हजार खुर्च्या मागितल्या तरी हरकत नाही.