आत टीव्ही आहे असं समजा

माउंटन बाइक घेऊन विमानतळावर गेलं की काउंटरवरचं पहिलं फर्मान ठरलेलं असतं : टायरमधली हवा काढा. कारण विचारलं तर तेही ठरलेलं. "वर गेल्यावर फुटतो, सर."

सर शाळेत भौतिकशास्त्र शिकलेले असतात, पण सरांच्या मागे रांग असते. त्यामुळे सर मुकाट हवा काढतात. आपल्यामागे इथे रांग नाही, तेव्हा हिशोब करून टाकू. समुद्रसपाटीला हवेचा दाब १४.७ पीएसआय. विमान ३५,००० फुटांवर उडत असलं तरी आतली हवा फार तर ८,००० फुटांवरच्या हवेइतकी विरळ होऊ देतात. सामानाच्या कप्प्यातही तोच दाब असतो. ८,००० फुटांवर दाब ११ पीएसआयच्या जरा खाली येतो. म्हणजे २५ पीएसआय भरलेला टायर वर गेल्यावर स्वतःला २९ चा समजू लागतो, एवढंच. याच टायरवर ऐंशी किलोचा माणूस दोन दिवसांनी दगडांवरून उड्या मारणार असतो, त्याची टायरला भीती वाटत नाही.

मजा पुढेच आहे. आपल्याकडची माउंटन बाइक विमानात चढते ती पुष्कळदा लेहला जायला. लेहचा विमानतळ आहे १०,६८२ फुटांवर. म्हणजे विमानाच्या पोटात हवा जेवढी विरळ होते त्याहून ती लेहच्या बाजारात विरळ असते. उंचीनं टायर फुटत असते तर विमानतळाबाहेरच्या टॅक्सी स्टँडवर रोज दिवाळी झाली असती. शिवाय सायकलच्या मागच्या शॉकमध्ये २०० पीएसआयच्या आसपास हवा कोंडलेली असते, तिच्याबद्दल काउंटरवर चकार शब्द निघत नाही. शॉक टायरसारखा दिसत नाही ना! आणि खुद्द विमानाची चाकं? त्यांतही साधारण २०० पीएसआय असतं, आणि ती उड्डाणानंतर ज्या खणात मिटून बसतात तिथे दाबबीब राखलेला नसतो. पायलटला कुणी चाकांतली हवा काढायला लावल्याचं ऐकिवात नाही.

बरं, हवा पूर्ण काढल्यानं काही भलं होतं का? हल्लीचे टायर ट्यूबलेस. हवा गेली की टायर रिमवरून सुटतो, आतलं दुधासारखं पांढरं सीलंट खोकंभर पाझरतं, आणि उघडी पडलेली रिम पहिल्याच आपटण्याला चेमटते. मग लेहला उतरल्यावर टायर पुन्हा रिमवर बसवायला हातपंप पुरत नाही, कॉम्प्रेसर लागतो, नाहीतर कार्बन डायऑक्साइडची ती बोटभर सिलिंडरं. ती मात्र विमान कंपनीच्या मंजुरीशिवाय नेता येत नाहीत. कारण स्फोटाचा धोका!

टायरमधली हवा अशी फुकट गेली, तरी खोक्यातल्या हवेचे पैसे पडतात ते वेगळेच. "विमानात नको, कुरियरनं पाठवू," असं शहाणपण सुचणाऱ्यांसाठी हे गणित. मोठ्या चाकांच्या सायकलचं खोकं साधारण १४० सेंटिमीटर लांब, ८० उंच, २५ रुंद. कुरियरवाले या तिन्हींचा गुणाकार करून त्याला ५,००० नं भागतात. उत्तर येतं ५६. झालं, तुमची १४ किलोची सायकल आता ५६ किलोची. तिला काट्यावर ठेवण्याचीही गरज उरत नाही.

वजनावरून आठवलं. सायकलवाल्यांत ग्रॅमवादी म्हणून एक पंथ आहे. हे लोक पोलादी बोल्ट काढून टायटॅनियमचे बसवतात आणि वाचलेले वीस ग्रॅम चारचौघांत सांगतात. कार्बनचं हँडल, कार्बनची सीटपोस्ट, पाण्याच्या बाटलीची जाळीसुद्धा कार्बनची. विमानप्रवास ठरला की हेच गृहस्थ बारा किलोची टणक प्लास्टिकची पेटी विकत घेतात. देशातल्या बहुतेक साध्या तिकिटांवर सामान मिळतं १५ किलो. त्यात एकतर पेटी जाते, नाहीतर सायकल. दोन्ही न्यायची तर जादा सामानाची पावती येते आणि तिच्यावरच्या आकड्यात आणखी टायटॅनियम आलं असतं. मग सुरू होतो वजन चुकवण्याचा खेळ : शूज पायात, हेल्मेट डोक्यावर, गुडघ्यांची पॅड पँटच्या आत. सिक्युरिटीच्या रांगेत हा माणूस लढाईवर निघालेला दिसतो. आणि त्याच्या केबिन बॅगेतला मल्टीटूल पलीकडच्या बाजूला हवालदारसाहेब काढून घेतातच.

गोल्फवाल्यांचं असं नसतं. त्यांची पिशवी पुरुषभर उंच, आत लोखंडी दांडे, तरीही कितीतरी विमान कंपन्या तिला साध्या सामानात धरत आल्या आहेत. गोल्फ कोण खेळतं आणि विमान कंपन्यांच्या संचालक मंडळांवर कोण बसतं, याचा इथे काही संबंध नसावा. अमेरिकेत सायकलींना ही वागणूक मिळायला २०१९ साल उजाडावं लागलं. त्या वर्षी अमेरिकन एअरलाइन्स आणि डेल्टा या दोघींनी सायकलवरचा १५० डॉलरचा जादा आकार रद्द केला. त्याआधी तिकडचे सायकलवाले खोक्यात काय आहे असं विचारलं की 'प्रदर्शनाचं सामान' सांगायचे, कुणी 'व्यायामाचं साहित्य' सांगायचे. दोन्ही उत्तरं तशी खोटी नाहीत. सायकल म्हटलं की दीडशे डॉलर पडायचे, व्यायाम म्हटलं की सुटका.

सोंग घेण्याच्या या कलेतला उस्ताद मात्र डच निघाला. अ‍ॅमस्टरडॅमच्या व्हॅनमूफ कंपनीच्या सायकली अमेरिकेत पोचेपर्यंत वाकायच्या, मोडायच्या. पॅकिंग बदललं, वाहतूकदार बदलले, फरक पडेना. तेव्हा कुणाच्या तरी लक्षात आलं की आपलं खोकं आकारानं मोठ्या टीव्हीच्या खोक्यासारखंच आहे. २०१६ च्या सुमारास त्यांनी खोक्यावर सपाट टीव्हीचं चित्र छापलं. आत सायकलच. कंपनीनं सांगितलं, मोडतोड ७० ते ८० टक्क्यांनी घटली. खोक्यात एक बबलसुद्धा वाढवलेला नव्हता. पुढे २०२३ मध्ये कंपनीचंच दिवाळं वाजलं, पण त्यात टीव्हीचा दोष नव्हता.

आपण बापडे 'नाजूक' लिहितो, काचेच्या पेल्याचं लाल स्टिकर चिकटवतो, 'ही बाजू वर' असा बाण काढतो. पण बाण वाचणाऱ्याची अवस्था बघा. लेहला जाणाऱ्या एअरबस ३२० च्या सामानकप्प्याची उंची सव्वा मीटरच्या आसपास. लोडर आत गुडघ्यांवर बसून काम करत असतो, खाली घड्याळ चाललेलं असतं, आणि ८० सेंटिमीटर उंचीचं खोकं उभं ठेवलं तर त्याच्यावर दुसरं काही रचता येत नाही. तो ते आडवंच करणार. मग त्याच्यावर कुणाच्या तरी लग्नाच्या बॅगा. एका नगाचं वजन ३२ किलोपेक्षा जास्त नको, हा नियम याच माणसाच्या पाठीसाठी आहे, आणि सगळ्या नियमावलीत मला तेवढा एक नियम मनापासून पटतो. तेव्हा रागवायचं तर बाणावर रागवा. सायकल आडवी पडणार असं धरूनच ती बांधायला हवी.

बांधणं ही मात्र खरी विद्या आहे आणि ती शिकवायला गावात एकच गुरुकुल असतं, ते म्हणजे सायकलचं दुकान. तिथून नव्या सायकलीचं रिकामं खोकं मागून आणायचं. फुकट मिळतं, पण 'सर्व्हिसिंग कधी करताय?' हे ऐकून घ्यावं लागतं. एसीच्या नळ्यांवर चढवतात ते काळं फोम हार्डवेअरच्या दुकानात मिळतं. ते फ्रेमच्या प्रत्येक नळीवर चढवायचं. डिस्क काढून वेगळ्या ठेवायच्या, नाहीतर त्या वाकतात आणि मग अख्खी खिंड चढेपर्यंत कानाशी खसखस करत राहतात. ब्रेकच्या पॅडमध्ये पुठ्ठ्याचा तुकडा सारायचा. प्रवासात लिव्हर दाबला गेला तर पॅड एकमेकांना चिकटून बसतात आणि चाक आत जाता जात नाही. मागचा डिरेलर सोडवून फ्रेमच्या आत बांधायचा आणि त्याचा हँगर एक जास्तीचा जवळ ठेवायचा, कारण प्रत्येक मॉडेलचा हँगर निराळा असतो आणि लेहच्या दुकानात तुमच्या मॉडेलचा मिळण्याची आशा फार नसते. मोकळ्या फोर्कच्या दोन टोकांमध्ये प्लास्टिकचा ठोकळा बसवायचा. ही सगळी कामं रात्री अकरानंतर करायची असतात. त्याला शास्त्रीय आधार नाही, पण दुसऱ्या वेळी कुणी केल्याचं मला माहीत नाही.

आणि पेडल. डाव्या पेडलला उलटे आटे असतात, हे दरवेळी अर्धा तास पाना पिळल्यावर आठवतं. पेडल चालवता चालवता सैल पडू नये म्हणून हे उलटे आटे. १९०० साली असली न सुटणारी पेडलं मिरवणारे दोन सायकलवाले अमेरिकेतल्या डेटन गावात होते. नावं विल्बर आणि ऑर्व्हिल राइट. पुढे त्यांनी सायकलच्या दुकानात विमान बनवलं, त्याचे पंखे फिरवायला सायकलच्या धर्तीची साखळी आणि दातेरी चक्रं लावली. सायकलच्या पैशावर वाढलेलं हे पोर आता आईला 'ओव्हरसाइझ' म्हणतं आणि कोपऱ्यातल्या वेगळ्या पट्ट्यावर पाठवतं.

विजेच्या माउंटन बाइकवाल्यांना एवढाही मान नाही. प्रवासी विमानात १६० वॉट-तासांपेक्षा मोठी लिथियम बॅटरी चालत नाही आणि त्यांची असते ५०० च्या पुढे. सायकल आणा, बॅटरी घरी ठेवा. वीस-बावीस किलोची निर्जीव सायकल खारदुंग ला खिंडीवर पायांनी चढवायची ज्यांची तयारी आहे त्यांना विमान कंपन्यांची ना नाही.

आता समजा मोडलीच. आंतरराष्ट्रीय प्रवासात १९९९ चा माँट्रियल करार लागू होतो. सामानाच्या भरपाईची कमाल मर्यादा २८ डिसेंबर २०२४ पासून १,५१९ एसडीआर (हे एक आंतरराष्ट्रीय हिशोबी एकक), म्हणजे पावणेदोन लाख रुपयांच्या आसपास. तक्रार लेखी हवी, तीही सामान हाती आल्यापासून सात दिवसांत. म्हणजे सायकल पट्ट्यावरच उघडून बघा. पाच-सहा दिवसांनी डोंगरावरून उतरून तुम्ही फ्रेमची चीर दाखवलीत, तर ती विमानानं पाडली की तुम्ही, असा प्रश्न येणार. आणि तो काही अगदीच गैर नाही. देशांतर्गत प्रवासात तर २०१४ च्या अधिसूचनेनुसार सामानाची मर्यादा २०,००० रुपये. चांगल्या सायकलचा एक फोर्कसुद्धा त्यात येत नाही. पण काउंटरवर तुमच्याकडून 'माझ्या जबाबदारीवर' अशी सही घेतात तेव्हा पेन मात्र विमान कंपनीचं असतं.

एसटीच्या लाल डब्याच्या टपावर कॅरियर होता त्या काळी सायकल सायकल म्हणूनच प्रवास करायची. मागच्या शिडीनं वर चढवायची, दोरीनं आवळायची, लगेजचं तिकीट घ्यायचं. घाटात ती वरती खडखडायची, पण टायरमधली हवा काढ असं कंडक्टर कधी म्हणाला नाही. रेल्वेच्या पार्सल ऑफिसातही तिला सायकलच म्हणतात. फॉर्मवर चार सह्या लागतील, बाबूजी जेवायला गेलेले असतील, पण ती आहे ती आहे.

विमानात जायचं तर सोंग आलंच. मग डच युक्ती आपण का वापरू नये, असं कुणी उत्साही विचारील. देशातल्या देशात वापरा की. परदेशातून परत येताना मात्र जपा. सपाट टीव्ही २६ ऑगस्ट २०१३ पासून आपल्याकडे प्रवाशांच्या शुल्कमुक्त सामानातून वगळलेला आहे. मुंबईला उतरून टीव्हीचं चित्र ट्रॉलीवर मिरवत निघालात की कस्टमचे साहेब हात दाखवणारच.

"किती इंची?"

"एकोणतीस."

"एकोणतीस इंची आता कुठे मिळतो?"

"चाकं आहेत साहेब. सायकल आहे."

"मग खोक्यावर टीव्ही का?"

"सायकल म्हटलं की आपटतात."

"टीव्ही असता तर पावती फाडून पाच मिनिटांत सोडलं असतं. सायकल म्हणताय ना? उघडा. सगळं बाहेर काढा."