यंत्राच्या लिखाणाला घामाचा वास कसा आणावा?

देवगाव फाट्यावर एसटीची वाट बघता बघता मोबाईलवर हल्ली काहीही लिहून मिळतं. वाढदिवसाचं बॅनर, तहसीलदाराला निवेदन, दिवाळी अंकाचा लेख. अडचण एवढीच की वाचणारा ओळखतो. घाबरू नका, खालील सूचना पाळा.

१. पहिली ओळ खोडा. "नक्कीच! हा घ्या तुमचा लेख" ही. शेवटचीही खोडा. नोव्हेंबर २०२५ मध्ये पाकिस्तानातल्या 'डॉन'सारख्या नामांकित दैनिकात वाहनविक्रीच्या बातमीखाली "हवं तर आणखी चटपटीत करून देतो" अशा अर्थाचं यंत्राचं वाक्य जसंच्या तसं छापलं गेलं. तुमचं तर फ्लेक्स. चौकात महिनाभर लटकणार.

२. 'केवळ अमुक नव्हे, तर तमुक' दिसेल तिथं कापा. "सेलूचा रस्ता हा केवळ रस्ता नव्हे, तर विकासाचा सेतू आहे" असं त्या रस्त्यानं रोज जाणारा माणूस बोलत नाही. तो जे बोलतो ते छापता येत नाही.

३. बोली शिंपडा. 'करत आहे'चं 'करायलो' करा. पण बेतानं. निवेदनात "साहेब, पंचनामा कवा करायलेत?" लिहिलंत तर साहेबांना ते फारच खरं वाटेल.

४. चुका पेरा. 'आणि'ची वेलांटी बदला, 'न'चा 'ण' करा. शुद्धलेखनाचे नियम १९६२ साली सरकारमान्य झाले. ते मोडण्याचा आपला अनुभव दांडगा. यंत्र इथं कच्चं आहे.

५. आजी दुरुस्त करा. यंत्र प्रत्येकाला एकच आजी देतं: चूल, तुळशीवृंदावन, सुरकुतलेले हात, पहिल्या पावसाचा मातीचा वास. तिला मोतीबिंदू द्या. बांधावरून भावकीशी जुनं भांडण द्या. तुमच्यापेक्षा चुलतभावाला लाडू जास्त देऊ द्या. (खरी आजी आठवत असेल तर तिलाच घ्या; मेहनत वाचेल.)

६. श्रद्धांजलीला मात्र हात लावू नका. 'दुःखाचा डोंगर', 'न भरून निघणारी पोकळी', 'मनमिळाऊ व परोपकारी' हे यंत्रानं आपल्याकडूनच उचललंय. आपण वर्षानुवर्षं नाव आणि फोटो बदलून हाच मजकूर छापत आलोय. कोणालाही शंका येणार नाही. उलट, "अण्णा चहात साखर मागून घ्यायचे, पण चहाचे पैसे दुसऱ्याच्या नावावर टाकायचे," असं लिहून पाहा. लोक लगेच विचारतील, हे मोबाईलनं लिहिलं का हो? अण्णांचे जावई रागावतील ते वेगळंच. तेवढं वाक्य काढा, पोकळी परत आणा. आणि शोकाकुलांच्या यादीत आपलं नाव आहे का, तेवढं बघा. ते यंत्राकडून हमखास राहतं.