चाळीसगावला गाडी बदला

दिवाळीच्या सुट्टीत भाचा धुळ्याहून आमच्याकडे जळगावला आला. आजीच्या पाया पडला, फराळाच्या ताटातली शेव तेवढी संपवली, पाचव्या मिनिटाला माझा कॉम्प्युटर लावला आणि सहाव्या मिनिटाला ओरडला, “मामा, हे काय आहे?”

पडद्यावर पेंग्विन होता.

“लिनक्स,” मी म्हणालो.

“म्हणजे विंडोज नाही?”

खानदेशातला पाहुणा भरताचा पहिला घास घेऊन “म्हणजे मिरची नाही?” असं विचारतो ना, अगदी तोच सूर.

त्याला सगळी हकिगत सांगणं भाग पडलं. मायक्रोसॉफ्टने १४ ऑक्टोबर २०२५ला विंडोज १० ची देखभाल थांबवली. विंडोज ११ घालावं, तर त्याला टीपीएम २.० नावाची सुरक्षेची सोय मशीनमध्ये लागते. माझं मशीन २०१३चं. तेव्हा सुरक्षा म्हणजे कॉम्प्युटरवर टाकायचं प्लास्टिकचं कव्हर. गोलाणी मार्केटमधला दुकानदार म्हणाला, “सर, नवीनच घ्या.” मी कुकरची रिंगसुद्धा दोनदा उलटीपालटी करून वापरणारा माणूस. चालत्या मशीनला मूठमाती कशी देणार? शाळेतल्या एका तरुण सहकाऱ्याने पेन ड्राइव्ह आणला, तासाभरात लिनक्स बसवलं आणि पैसे विचारले तर चहा मागितला. १९९१ साली फिनलंडमधल्या लिनस टोरवाल्ड्स नावाच्या एकवीस वर्षांच्या विद्यार्थ्याने ज्याचा गाभा लिहायला घेतला, ते पेंग्विनच्या चिन्हाचं लिनक्स अशा रीतीने एका चहावर माझ्या घरी आलं. मे महिन्यात जिथे पारा पंचेचाळीस गाठतो, त्या जळगावात मी पेंग्विन पाळू लागलो.

माझं सगळं काम त्यावर होतं. प्रश्नपत्रिका होते, निकालाचा तक्ता होतो, विजेचं बिल भरता येतं. पण भाच्याला खेळायचा होता एक ऑनलाइन गेम. धुळ्याचे चार मित्र संध्याकाळी सात वाजता त्यात जमणार होते. सातला दहा कमी असताना गेमने कळवलं, की तुमच्या कॉम्प्युटरवर मी चालणार नाही.

आई स्वयंपाकघरातून बाहेर आली. आई मूळची शिंदखेड्याकडची, अहिराणी बोलणारी. तिने पडदा पाहिला, नातवाचं तोंड पाहिलं आणि मला विचारलं, “काबर रुसना तो?” नातू की गेम, हे तिने स्पष्ट केलं नाही. दोघंही रुसले होते.

मी म्हटलं, थांब, उपाय आहे. तेवढ्यात धुळ्याहून बहिणीचा फोन आला. “काय चाललंय मामा-भाच्यांचं?”

भाचा निरागसपणे म्हणाला, “मामा वाईन टाकतोय. नाही चालली तर प्रोटॉन टाकू म्हणतो.”

फोनवर शांतता पसरली. मग थंड आवाज आला, “दादाला फोन दे.”

पुढची पंधरा मिनिटं मी बहिणीला पटवत होतो, की वाईन हा १९९३पासून तयार होत असलेला एक प्रोग्रॅम आहे आणि तो प्यायचा नसतो. विंडोजसाठी लिहिलेला गेम विंडोजच्या भाषेत काहीबाही मागतो आणि वाईन ते लिनक्सला समजेल असं करून सांगते. थोडक्यात, दुभाषी. हे काम मला नवीन नाही. माझी बायको पुण्याची. लग्नानंतर पहिली दोन वर्षं या घरात मीच वाईन होतो. आई म्हणायची, “सूनले भाकर थापता येत नही.” मी भाषांतर करायचो, “आई म्हणतेय, पोळ्या छान करतेस.” भाषांतरात वेळ जायचा, पण संसार चालला.

प्रोटॉन हे त्याच वाईनवर उभारलेलं पुढचं पाऊल. स्टीम हे गेमचं मोठं दुकान चालवणाऱ्या वाल्व्ह कंपनीने ते २०१८मध्ये आणलं. त्यामुळे विंडोजचे हजारो गेम लिनक्सवर चालू लागले आणि २०२२मध्ये कंपनीने स्टीम डेक नावाचं हातात धरून खेळायचं यंत्रच लिनक्सवर काढलं. मी ते भाच्याला ऐटीत सांगत होतो, प्रोटॉनही टाकून झालं होतं. गेम सुरू झाला. संगीत वाजलं. आईसुद्धा पोळपाट सोडून बघायला आली. आणि दारातला राखणदार उठून उभा राहिला.

ऑनलाइन गेममध्ये लबाडी करणारे फार. भिंतीपलीकडचं बघतात, न बघता नेम मारतात. त्यांना पकडायला कंपन्या राखणदार ठेवतात. त्यातले काही राखणदार विंडोजच्या थेट गाभ्यात जाऊन बसतात, म्हणजे दिवाणखान्यात न थांबता तिजोरीच्या खोलीत खुर्ची टाकतात. लिनक्सची पंचाईत अशी, की तिथे गाभा कुणालाही उघडता येतो, हवा तसा बदलता येतो. ज्या घराच्या भिंती मालक रातोरात हलवू शकतो, तिथे राखणदाराने खुर्ची टाकायची कुठे? म्हणून तो आत शिरतच नाही आणि आपल्यालाही शिरू देत नाही. ‘एपेक्स लेजेंड्स’ हा गेम लिनक्सवर चांगला चालत होता, पण लबाडांचंच कारण देऊन ३१ ऑक्टोबर २०२४ला तो बंद केला गेला. चोर सापडत नाही म्हणून गल्लीच बंद.

“बरोबर आहे त्यांचं,” भाचा म्हणाला. तो कॉमर्सला आहे. “तुमच्यासारखे किती लोक आहेत मामा?”

स्टीमच्या पाहणीत २०२५च्या ऑक्टोबरमध्ये लिनक्सवाले पहिल्यांदाच शंभरात तीनच्या पुढे गेले, हे मी छाती फुगवून सांगितलं. तो हसला. “तीन? तिघांसाठी कोण गाडी सोडेल?”

गाडी हा शब्द त्याने उच्चारायला नको होता. मी भूगोलाचा मास्तर आहे.

भिंतीवरचा नकाशा दाखवत मी म्हटलं, “हे बघ. मुंबईहून येणारी मुख्य लाइन मनमाड, चाळीसगाव, पाचोरा, जळगाव करत भुसावळला जाते. तुझं धुळे बाजूला राहिलं. १९०० साली चाळीसगावहून छप्पन्न किलोमीटरचा एक फाटा काढला, तो धुळ्यात जाऊन संपतो. आजही जळगावहून धुळ्याला रेल्वेने जायचं तर चाळीसगावला गाडी बदला. तुझ्या आजोबांचा जन्म धुळ्यावरून जाणाऱ्या मनमाड-इंदूर लाइनची मागणी ऐकण्यात गेला. लाइन का नाही? प्रवासी नाहीत. प्रवासी का नाहीत? लाइन नाही. केंद्रीय मंत्रिमंडळाने मंजुरी दिली ती २०२४च्या सप्टेंबरमध्ये. ३०९ किलोमीटर, १८,०३६ कोटी रुपये. तेव्हा पेढे कोणी वाटले?”

“बाबांनी,” तो पुटपुटला.

“आणि ही तुझी आजी. तिची अहिराणी जनगणनेत खानदेशीत मोजतात. २०११च्या जनगणनेत खानदेशी सांगणारे निघाले १८ लाख ६० हजारांच्या आसपास. देशात हजारी दीड माणूस. त्यातला एक आजी, अर्धा मी. मग तिने बोलायचं बंद करायचं?”

“मी काबर बंद करू?” आई म्हणाली.

आता दुसरी बाजूही मास्तराने सांगायला हवी. आम्ही लिनक्सवाले एका पंगतीत बसणारे नाही. उबंटू, डेबियन, फेडोरा, मिंट, आर्च, अशी घराणी आहेत आणि भरितासाठी वांगी आसोद्याची की बामणोदची, यावर जसं भांडण पेटतं तसंच इथेही पेटतं. पाच माणसांच्या छोट्या कंपनीने प्रत्येकाच्या चुलीवर आपला गेम शिजवून दाखवावा, ही अपेक्षा गैर आहे. तेवढी मी ठेवतही नाही. पण बऱ्याचदा शिजवायचंही नसतं. राखणदार पुरवणाऱ्या दोन मोठ्या कंपन्यांनी २०२१मध्येच प्रोटॉनशी जमवून घेतलं. गेमवाल्यांनी फक्त ‘येऊ द्या’ म्हणायचं असतं. काहींनी म्हटलं. बाकीच्यांना तो एक शब्दही महाग वाटतो.

भाचा चिडून खिशातला फोन काढून बसला आणि त्यावर गेम सुरू केला. मी त्याच्या कानाशी जाऊन म्हणालो, “अँड्रॉइडचा गाभा कुठला आहे, माहितीये? लिनक्स.” त्याने फोनकडे असं पाहिलं, जसं वरातीत शेजारी नाचणारा आपला मास्तर निघावा.

रात्री आम्ही ‘सुपरटक्सकार्ट’ लावला. फुकट आहे, लिनक्सवर चालतो, विंडोजवर चालतो, कुणाला दारातून हाकलत नाही. त्यात पेंग्विन गाडी चालवतो. आईने त्या पेंग्विनला “हाऊ मना गडी” म्हणून आपलंसं केलं आणि तो भिंतीवर आदळला की माझा उद्धार केला. भाच्याने मला सात शर्यतींत सात वेळा हरवलं. आता तो धुळ्याच्या घरातल्या विंडोजवरून आणि मी जळगावच्या पेंग्विनवरून, असे दर रविवारी खेळतो. हरतो मीच, पण त्यात लिनक्सचा दोष नाही.

परत जाताना त्याला बसस्टँडवर सोडायला गेलो. एरंडोल, पारोळा करत बस तासा-दोन तासांत धुळ्याला पोचते, म्हणून रेल्वेचा वळसा कुणी घेत नाही. खिडकीतून तो म्हणाला, “मामा, पण त्या कंपन्यांनी नक्की करायचं काय?”

बस सुटत होती म्हणून मी आटोपतं घेतलं. तेच इथे लिहून ठेवतो, कोणी गेमवाला वाचत असेल तर. साहेब, मुख्य लाइन आमच्या दारावरून नेऊ नका, परवडणार नाही तुम्हाला. आम्ही आपल्या खर्चाने, आपल्या दुभाष्याला घेऊन, चाळीसगावला गाडी बदलून येऊ. तिकीटही पूर्ण काढू. फक्त एवढा प्रवास करून आल्यावर फाटकावरून परत पाठवू नका. आणि पाठवायचंच असेल, तर तिकीट विकण्याआधी सांगा.