येऊ द्या, येऊ द्या!

स्कॉटलंडच्या खेड्यापाड्यांत काय काय पाहायचं, याची यादी बायकोने फोल्डरात घालून आणली होती. लॉक नेस झालं: पाणी भरपूर, राक्षस रजेवर. आयलन डोनन किल्लाही झाला. 1719 साली आरमाराने उडवलेला हा किल्ला विसाव्या शतकात पुन्हा बांधून काढला, आणि आता तो बिस्किटांच्या डब्यांवरही असतो. मला 1818 च्या तोफांत जळालेला रायगड आठवला आणि मी तिकीटखिडकीशी उगाचच तुटक वागलो.

मग बेलाख ना बा घाटाने ॲपलक्रॉसला निघालो. उंची 626 मीटर, म्हणजे महाबळेश्वरकराने हसावं इतकीच. पण रस्ता सुरू होतो जवळजवळ समुद्राच्या पातळीवर. चढ काही ठिकाणी पाच मीटरला एक मीटर आणि रुंदी एका गाडीची. पायथ्याला पाटी: शिकाऊ चालकांनी जाऊ नये.

"भर पावसात वरंधा घाट उतरलेला माणूस आहे मी," मी म्हणालो.

"एसटीने," बायको म्हणाली.

ऐन वळणावर समोरून कँपरव्हॅन आली. चढणाऱ्याला आधी वाट, हा नियम तिकडेही आहे. त्यामुळे मी रुबाबात बसून राहिलो. पण व्हॅनच्या मागे गाड्या होत्या आणि गाड्यांच्या मागे मेंढ्या. मेंढ्यांना नियम कोण सांगणार? गाडी बाजूला घ्यायची जागा, म्हणजे पासिंग प्लेस, माझ्या मागे होती, वळणापलीकडे.

पुण्यात मी कुणासाठी रिव्हर्स घेत नाही. तत्त्व आहे. इथे तत्त्व गुंडाळून खिडकीबाहेर डोकं काढलं, आणि मिजेस आल्या.

मिज म्हणजे जेमतेम दीड-दोन मिलिमीटरचं चिलट. चावते फक्त मादी. पहिल्या खेपेची अंडी ती रक्ताशिवाय घालते. पुढच्या खेपांना तिला रक्ताचे डोहाळे लागतात. ताशी दहा-बारा किलोमीटरचा वारा सुटला तरी तिला उडणं जड जातं. त्या ढगाळ संध्याकाळी गवताचं पातं हलत नव्हतं.

"अहो, ओरडू नका! श्वासातल्या कार्बन डायऑक्साइडवरच येतात त्या," बायकोने फोल्डरातून वाचून दाखवलं.

श्वास रोखून घाटात रिव्हर्स घेऊन बघा एकदा.

शेवटी ओढणी तोंडाला गुंडाळून ती खाली उतरली आणि स्वारगेटच्या कंडक्टरसारखी गाडीची पाठ थोपटू लागली. "येऊ द्या, येऊ द्या... डावी मारा!" व्हॅनमधला म्हातारा खाली आला. त्याने आपली जाळीची टोपी काढून तिच्या डोक्यावर घातली, तिला हळूच डोंगराच्या बाजूला सरकवलं आणि स्वतः दरीकडे उभा राहिला. त्याचं टक्कल बघता बघता काळं झालं. हात काही त्याने डोक्याकडे नेला नाही. तो मला वाट दाखवण्यात गुंतला होता. थोड्या वेळाने तोही खास स्कॉटिश रकार लावून ओरडू लागला, "येर्रू द्या!"

टोपी त्याने परत घेतली नाही.

माथ्यावरून स्काय बेट सुरेख दिसतं म्हणतात. माझे डोळे सुजून मिटले होते. ॲपलक्रॉसची कोळंबी मात्र चाचपडत खाल्ली, आणि ती अप्रतिम होती. वाढणाऱ्या बाईंनी सांगितलं, 1970 च्या दशकात शील्डेगकडून किनाऱ्याने दुसरा रस्ता झाला. तोवर गाडीने यायला हा घाटच होता.

"तो तरी दुपदरी आहे ना?"

"छे!"

बायकोने माझ्यासमोरची किल्ली उचलली. मी टोपी मागितली. मिळाली नाही.